निळं पुस्तक आणि दोनशे सत्त्याऐंशी स्वर्गवासी

दामिनीने ते निळं पुस्तक खरोखरच वाचलं, आणि सगळा घोळ तिथून सुरू झाला.

असलं पुस्तक वाचायचं नसतं हो. वरून परिपत्रक येतं, की तालुक्यातल्या प्रत्येक ग्रंथपालाने आपल्या कामाविषयीचं एक तरी पुस्तक महिन्याभरात वाचावं, त्यातली एक गोष्ट आपल्या वाचनालयात करून पाहावी आणि अहवाल पाठवावा. सोबत दोनशे चाळीस पानांचं, निळ्या पुठ्ठ्याचं एक पुस्तक येतं. शहाणा ग्रंथपाल ते दाखल करून घेतो, शिक्का मारतो, अनुक्रमणिका पाहून दोन पानं खरडतो आणि पुस्तक कपाटात ठेवून देतो. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं आणि त्यावाचून कोणाचं काही अडलं नव्हतं.

पण दामिनीला हे सांगणार कोण? तापीच्या काठी, प्रकाशा गावाहून सहा-सात किलोमीटरवरच्या त्या गावात ती सून म्हणून आली त्याला अकरा वर्षं झाली होती, आणि वाचनालयाची किल्ली तिच्या हातात येऊन जेमतेम चौदा महिने. किल्ली मिळेपर्यंत ती गावाला दगाआप्पांची वहू, त्यांची सून, एवढीच ठाऊक होती. तिचं स्वतःचं नाव माहेरच्यांशिवाय फारसं कोणी घेत नसे. सासूची बोलणी खात, सहा महिने एसटीने नंदुरबारला जाऊन-येऊन तिने ग्रंथपालनाचा कोर्स केला, तेव्हा कुठे ती खुर्ची मिळाली. मानधन सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून सांगत नाही. पण सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ ती त्या खुर्चीत बसली की लोक तिला दामिनीताई म्हणत. तेवढ्यासाठी तिने ती किल्ली जिवापाड जपली होती.

तर तिने पुस्तक वाचलं. हातात पेन्सिल घेऊन, पहिल्या पानापासून. सातव्या प्रकरणात आल्यावर ती थबकली. तिथे लिहिलं होतं, की जे पुस्तक दहा वर्षांत एकदाही वाचकाच्या हाती गेलं नाही ते पुस्तक नव्हे, अडगळ आहे. ग्रंथपालाने मन घट्ट करून ते बाजूला काढावं. दामिनीने त्याखाली दोनदा रेघ ओढली. नव्या पुस्तकांचे दोन खोके दीड वर्षं तिच्या टेबलाखाली पडून होते, कारण ठेवायला जागा नव्हती. आणि समोरची अख्खी भिंत अशा पुस्तकांनी भरलेली होती, ज्यांना तिने कोणाला हात लावताना पाहिलं नव्हतं.

गुरुवारी वाचनालयाला सुट्टी. दामिनी पदर खोचून एकटीच कामाला लागली. देवघेवीची जुनी रजिस्टरं काढली, दहा वर्षांत जे क्रमांक एकदाही बाहेर गेले नव्हते त्यांची यादी केली, आणि पाठीवरचे क्रमांक बघत बघत भिंत उतरवली. तीनशे चौदा पुस्तकं निघाली. सुतळीने गठ्ठे बांधून तिने ते ओसरीवर रचले, वर 'बाद करावयाची पुस्तके' असा कागद लावला आणि रिकाम्या भिंतीवर नवी पुस्तकं मांडली. संध्याकाळी त्या भिंतीचा फोटो आणि यादी तालुक्याच्या साहेबांना मोबाइलवरून पाठवली सुद्धा. साहेबांचं लगेच उत्तर आलं, की अभिनंदन, जिल्ह्यात हे करणाऱ्या तुम्ही पहिल्याच, पुढच्या एक तारखेला मी स्वतः पाहायला येतो. त्या रात्री दामिनीची कंबर मोडली होती, पण झोप मात्र सुखाची लागली.

तिने एकच गोष्ट केली नव्हती. एकही पुस्तक उघडून पाहिलं नव्हतं. आणि पाहायचं तरी कशाला? क्रमांक पाठीवर, क्रमांक रजिस्टरात. दोन्ही जुळले की झालं.

आता इथे गावाची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. आपल्याकडे माणूस गेला की सुतक फिटून गंधमुक्ती होते त्या दिवशी, पंगती बसायच्या आधी, लाउडस्पीकरवर देणग्या पुकारतात. देवळाला इतके, शाळेला इतके, गोशाळेला इतके. पंचवीस वर्षांपूर्वीच्या एका ग्रंथपालाने त्या यादीत वाचनालय घुसवलं. पैसा नको, म्हणाला, गेलेल्या माणसाच्या नावाने एक पुस्तक द्या. लोकांना ते पटलं. ज्याची जशी ऐपत तशी पुस्तकाची जाडी. नंदुरबारच्या दुकानात जाऊन लोक सांगत, बापासाठी पाहिजे, चांगलं जाड द्या. दुकानदारही धोरणी. वर्षानुवर्षं न खपलेलं जे असेल ते फडक्याने पुसून हातात देई. आतल्या पानावर 'कै. अमुक अमुक यांच्या स्मरणार्थ' अशी चिठ्ठी चिकटे आणि पुस्तक समोरच्या भिंतीवर जाऊन बसे.

त्यामुळे झालं होतं असं, की गावच्या पैलवानाच्या नावाने भरतकामाच्या टाक्यांचं पुस्तक होतं. सुरतेच्या पलीकडे कधी न गेलेल्या एका आजोबांच्या नावाने ध्रुवावरचे पक्षी होते. आणि दामिनीचे सासरे दगाआप्पा, ज्यांनी जन्मभर केळी लावली आणि बर्फ पाहिला तो फक्त सरबताच्या ग्लासात, त्यांच्या नावाने हिमनद्यांवरचा चारशे पानी ग्रंथ होता. ही पुस्तकं कोणी वाचत नव्हतं, वाचायची असतात असं कोणाला वाटतही नव्हतं. पण वर्तमानपत्र वाचायला येणारा प्रत्येक जण आत शिरताना एकदा त्या भिंतीकडे बघे. आपलं माणूस कितव्या फळीवर बसलंय हे ज्याला त्याला ठाऊक होतं.

दामिनीला तेवढं ठाऊक नव्हतं. हल्ली ती रीत मागे पडली होती; लोक आता स्मरणार्थ थंड पाण्याचं मशीन देतात. आणि तिला सांगणार कोण? तिच्या सासूबाईंना, मंगलाबाईंना, वाटत होतं की वहू रोज सासऱ्याच्या समोर बसते, हे छानच आहे, त्यात बोलायचं काय.

शुक्रवारी सकाळी आठ वाजता जालमसिंग आबा आले. ते रोज येत, ओसरीवर बसून वर्तमानपत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचत आणि मग घरी जाऊन जेवत. त्या दिवशी बाक गठ्ठ्यांनी भरलेला पाहून ते एका गठ्ठ्यावरच टेकले, आणि वर्तमानपत्र यायचं होतं म्हणून बाजूच्या गठ्ठ्यातलं वरचं पुस्तक सहज ओढून उघडलं. उघडलं आणि उठून उभे राहिले. आत येऊन, अगदी हळू आवाजात, त्यांनी विचारलं,

"दामिनी बेटा, मन्ही माय बाहेर काबर बठेल शे?"

माय बाहेर का बसलीय असं विचारतात म्हटल्यावर दामिनीला वाटलं, त्यांच्यासोबत घरचं कोणी म्हातारं माणूस आलंय. ती म्हणाली, अहो मग आत बोलवा ना त्यांना, पाणी देते. जालमसिंग आबांनी पुस्तक तिच्यापुढे धरलं. 'कै. रुपाबाई यांच्या स्मरणार्थ.' दामिनी ओसरीवर धावली. दुसरा गठ्ठा सोडला, तिसरा सोडला. खाली बसून तिने सगळेच्या सगळे गठ्ठे सोडून पाहिले आणि पुन्हा बांधले. तीनशे चौदापैकी दोनशे ब्याण्णव पुस्तकांत चिठ्ठी होती, त्यांतली सहा एकाच माणसाच्या नावाची. तिने एका दिवसात गावातले दोनशे सत्त्याऐंशी स्वर्गवासी उचलून ओसरीवर आणून टाकले होते, वर 'बाद' असा कागद लावून.

गावात बातमी पोचायला उशीर लागत नाही. दहा वाजेपर्यंत कोणी म्हणत होतं वाचनालय बंद पडलं, कोणी म्हणत होतं सगळे पूर्वज शहाद्याच्या रद्दीवाल्याकडे चाललेत, आणि दुपारी तर त्यांचा कागदाच्या कारखान्यात लगदा होणार इथपर्यंत मजल गेली. संध्याकाळी वाचनालयापुढे ही गर्दी. कोणी भांडायला आलं होतं, कोणी रडायला, आणि काही नुसते बघायला. सरलाबाईंची तक्रार तर वेगळीच होती. त्यांच्या मालकांचं आणि चुलतदिराचं बांधावरून मरेपर्यंत वैर होतं, आणि दामिनीने नेमकी दोघांची पुस्तकं एका गठ्ठ्यात घातली होती.

"बाहेर काढं ते काढं," सरलाबाई म्हणाल्या, "पन दोन्हीस्ले एकच सुतळीमा काबर बांधं?"

दामिनीने सुतळी सोडून दोघांना दोन गठ्ठ्यांत घातलं. वैऱ्यांना वेगळं बांधावं असं निळ्या पुस्तकात कुठे नव्हतं.

सगळ्यात शेवटी आले वाचनालयाचे अध्यक्ष, हेमकांतभाऊ, आणि त्यांच्या पाठोपाठ पंधरा मिनिटांनी त्यांचा धाकटा भाऊ धीरज. एकाच वेळी आले नाहीत, कारण दोघे बारा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. घरं समोरासमोर, मधे आठ पावलांचा रस्ता, पण वडील नरोत्तमभाई गेले त्या वर्षी विहिरीच्या वाटणीवरून जे तोंड फिरलं ते फिरलंच. वडिलांच्या नावाने जगाच्या इतिहासाचे सहा खंड दिले होते. भिंतीवरची सगळ्यात मोठी देणगी. तेव्हाही चिठ्ठी एकत्र लावायला कोणी तयार झालं नाही, म्हणून प्रत्येक खंडात दोन चिठ्ठ्या होत्या, वर थोरल्याची आणि खाली धाकट्याची. धीरजने दारातूनच गठ्ठा पाहिला आणि आल्या पावली निघून गेला. हेमकांतभाऊ मात्र बोलले. एरवी ते तिला वहू म्हणत. रागावले की मॅडम म्हणत.

"मॅडम, रविवारी सभा आहे. तोपर्यंत पुस्तकं भिंतीवर दिसली पाहिजेत. नाहीतर किल्ली टेबलावर ठेवायची."

तुम्ही म्हणाल, मग ठेवून द्यायची परत, त्यात काय मोठंसं. पण साहेबांना फोटो गेला होता. साहेब एक तारखेला येणार होते. न वाचलेली पुस्तकं परत भिंतीवर दिसली तर खोटा अहवाल पाठवला म्हणून किल्ली वरून जाणार, आणि नाही दिसली तर खालून. इकडे आड, तिकडे विहीर. दामिनीने घरी जाताना निळं पुस्तक सोबत नेलं आणि सातवं प्रकरण पुन्हा वाचलं. मेलेल्या माणसांचं काय करावं याविषयी त्यात अक्षर नव्हतं.

घरी वेगळाच सोहळा चालला होता. मंगलाबाईंनी अबोला धरला होता. भाकरी वाढत, पण तिच्याकडे बघत नसत. शनिवारी दुपारी मात्र त्यांना राहवलं नाही. गावातल्या लोकांना बाहेर काढलं तर काढलं, त्या म्हणाल्या, "पन तू घरनी वहू शे ना वं? सासराले तं ठेवाले पाहिजे व्हतं."

दामिनीला रडू आलं. मुद्दाम केलं नाही हो आई, एवढंच ती म्हणाली. मग उठून वाचनालयात गेली, दगाआप्पांचं पुस्तक शोधून आणलं आणि सासूच्या मांडीवर ठेवलं. मंगलाबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी चिठ्ठीवरून बोट फिरवलं, पुस्तक पदराने पुसलं, आणि थोड्या वेळाने विचारलं, की यात लिहिलंय तरी काय? तेरा वर्षांत हा प्रश्न त्यांना पहिल्यांदा पडला होता. खरं सांगायचं तर त्या भिंतीविषयी तो गावात कोणालाच पडला नव्हता.

दामिनी वाचू लागली. डोंगरात बर्फाची नदी असते, ती इतकी सावकाश सरकते की बघणाऱ्याला वाटतं ती जागची हलतच नाही. मंगलाबाई ऐकत होत्या.

"तुन्हा सासरा तसाच व्हता," त्या म्हणाल्या. "सकायले सांगेल काम, उठाले संध्याकाय व्हये."

दामिनीला हसू आलं, पण ते दाबून ती पुढे वाचत राहिली. नदी सावकाश जाते खरी, पण जाताना घराएवढाले धोंडे घेऊन जाते आणि डोंगर फोडून वाट काढते. मंगलाबाई डोळे पुसून म्हणाल्या, हे पण खरंच आहे, वाच पुढे. त्या दुपारी चाळीस पानं झाली. आणि एकेचाळिसाव्या पानावर दामिनीच्या डोक्यात उजेड पडला. निळ्या पुस्तकाने पुस्तकं काढा असं म्हटलंच नव्हतं. वाचकाच्या हाती गेली नाहीत तर काढा, असं म्हटलं होतं.

रविवारच्या सभेला बसायला जागा उरली नाही. दामिनीने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि उभं राहून सातव्या प्रकरणातलं ते वाक्य वाचून दाखवलं. मग म्हणाली, की पुस्तक एकदा वाचकाच्या हाती गेलं की ते बाद होत नाही, सन्मानाने भिंतीवर बसतं. ज्याचं माणूस त्याने सही करून घरी न्यावं, वाचावं, परत आणून द्यावं. आमच्या घरचं कालच नेलंय. तिने रजिस्टर फिरवून दाखवलं. मंगलाबाईंचा अंगठा होता.

मागून एक जण पुटपुटला, की आपण शेतकरी माणसं, आपल्याला कुठे वेळ. तेवढ्यात जालमसिंग आबा उठले, सही केली, आईला काखेत घेतलं आणि कोणाकडे न बघता चालू लागले. झालं. गावात एकदा कोणी पुढे गेलं की मागे राहणं नामुष्कीचं. शेजाऱ्याचा बाप घरी गेला आणि माझा ओसरीवर पडून राहिला, असं म्हणवून घ्यायला कोण तयार होईल? रांग लागली. हेमकांतभाऊ अध्यक्ष म्हणून शेवटी सही करणार होते, पण धीरज रांगेत पुढे सरकतोय हे दिसताच ते झपाट्याने उठले, मधे घुसले आणि सहाच्या सहा खंडांवर सही ठोकून मोकळे झाले. धीरज तसाच मागे फिरला.

जाता जाता हेमकांतभाऊंनी ठराव मांडला. महिना संपेल त्या दिवशी संध्याकाळी सगळी पुस्तकं भिंतीवर मोजून घेतली जातील. एक जरी कमी भरलं, तरी दामिनी मॅडमनी किल्ली टेबलावर ठेवायची. ठराव एकमताने मंजूर झाला. असे ठराव एकमतानेच मंजूर होतात.

मागे उरली चिठ्ठी नसलेली बावीस पुस्तकं. वाचनालय झाडायला येणाऱ्या कमलीबाई ती चाळत उभ्या होत्या. त्यांची आई मजुरीवर जगली आणि मजुरीवर गेली, तिची गंधमुक्ती लाउडस्पीकर लावून झाली नव्हती. कमलीबाईंनी एक पुस्तक उचललं, समुद्रप्रवासावरचं होतं.

"हाई पुस्तकवर कोन्हंच नाव नही ना ताई?" त्यांनी विचारलं. "मंग हाई मन्ही मायनं."

दामिनीने चिठ्ठी लिहून चिकटवली आणि पुस्तक त्यांच्या नावावर टाकलं. बाकीची एकवीस पुढच्या दोन दिवसांत अशीच गेली. आठव्या दिवशी सगळ्यांच्या आधी परत आलं ते कमलीबाईंचं, धुतलेल्या फडक्यात गुंडाळलेलं. नात वाचून दाखवत होती म्हणे. माय कधी नदीच्या पलीकडे गेली नव्हती, आता पार अरबस्तानापर्यंत जाऊन आली, असं सांगून कमलीबाई झाडू घेऊन कामाला लागल्या.

तो महिना गावात कोणी विसरणार नाही. पैलवानाचा नातू भरतकामाचे टाके बघून आईला विचारत होता की हे तुला येतं का. केळीच्या गाड्या भरताना लोक पेंग्विनविषयी वाद घालत. कोणी नुसतीच चित्रं पाहिली, कोणी दहा पानांत झोपी गेलं, सरलाबाईंनी तर पुस्तक देव्हाऱ्यात ठेवून त्याला रोज हळदीकुंकू वाहिलं आणि तेच वाचन समजा म्हणून सांगितलं. पण दामिनीला खरा घाम फुटला तो पुस्तकं परत मागताना. मुदत संपली की घरोघर जायचं, आणि दारात उभं राहून म्हणायचं काय? आबा, आईची तारीख उलटून गेली? एकदा ती अशी म्हणाली आणि जालमसिंग आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

मग आणखी एक भानगड उभी राहिली. एकाचं वाचून झालं की त्याला शेजाऱ्याचं हवं होऊ लागलं, आणि शेजारी सोडेना. दामिनीने पुन्हा निळं पुस्तक उघडलं. अकराव्या प्रकरणात उपाय होता: मागणीची वही ठेवावी, आणि ज्या पुस्तकाला दुसऱ्या वाचकाची मागणी असेल त्याला मुदतवाढ देऊ नये, मग वाचक कोणीही असो. तिने वही सुरू केली, आणि पुस्तकं सरसर परत येऊ लागली. नवी पुस्तकं खिडकीत आणि टेबलावर रचून तिने भिंत मोकळी केली. महिना संपायच्या आदल्या दिवशी भिंतीवर तीनशे आठ पुस्तकं होती. सहा कमी होती. जगाचा इतिहास, खंड एक ते सहा.

ती हेमकांतभाऊंच्या घरी दोनदा जाऊन आली. दोन्ही वेळा आतून निरोप आला, की वाचन चालू आहे. दामिनी काय समजायचं ते समजली. ठराव त्यांचा, सहा पुस्तकं त्यांच्या घरात. किल्ली काढून घ्यायला माणसाला आणखी काय लागतं? शेवटच्या दिवशी ती जेवली सुद्धा नाही. मंगलाबाईंनी तिला समजावलं, की किल्ली द्यावी लागली तर देऊन टाक, पण मान खाली घालून देऊ नको. दामिनीला तेवढंच बळ आलं.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला हेमकांतभाऊ आले. रिकाम्या हातांनी. दामिनीने कमरेची किल्ली काढली आणि त्यांच्यापुढे टेबलावर ठेवली.

"मोजून घ्या, अध्यक्षसाहेब. सहा कमी आहेत. ठराव तुमचाच आहे."

हेमकांतभाऊंनी किल्लीकडे पाहिलंही नाही. वर्तमानपत्राच्या बाकावर बसले आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"वहू, त्या सहा मन्हाकडेच शेत."

तुमच्याकडेच आहेत ते माहीत आहे, दामिनी म्हणाली. मग त्यांनी सांगितलं ते असं. पहिल्या दिवशी कोणी विचारलं तर चार शब्द सांगता यावेत म्हणून पुस्तक उघडलं. ओळीखाली बोट धरून वाचायची सवय, त्यामुळे दिवसाला दोनच पानं होतात. महिना झाला, पहिला खंड अर्धाही झाला नाही, माणूस अजून गुहेतून बाहेर निघालेला नाही. पण रोज संध्याकाळी ओट्यावर खुर्ची टाकून बसतात, पान उघडलं की आधी बापाचं नाव दिसतं, आणि मग वाचतात.

"बाप व्हता तवय त्यान्हाजोडे पाच मिनिट बठनू नही मी," ते म्हणाले. "आते रोज बठस. आखो महिनाभर ऱ्हाऊ द्या त्याले मन्हाकडे."

महिनाभर ज्यांच्यावर मनातल्या मनात दात खाल्ले, त्यांच्याविषयी दामिनीला एकदम वाईट वाटलं. रजिस्टर ओढून आणखी एका महिन्याची मुदतवाढ घालावी असं तिच्या मनात आलं सुद्धा. पण तिने पेन खाली ठेवलं, मागणीची वही उघडली आणि त्यांच्याकडे फिरवली. जगाच्या इतिहासापुढे एकच मागणी नोंदलेली होती, सभेनंतर पंधराव्या दिवसाची. खाली धीरजची सही होती.

"मुदतवाढ देता येत नाही, भाऊ," ती म्हणाली. "दुसऱ्या वाचकाची मागणी आहे."

हेमकांतभाऊंनी ती सही खूप वेळ पाहिली. बारा वर्षांत त्यांनी धाकट्याचं अक्षर पाहिलं नसावं.

"धीरज उना व्हता?"

"तीनदा आले. दर वेळी पायरीवरूनच विचारून गेले, थोरल्याने परत दिलं का म्हणून."

हेमकांतभाऊ उठले. टोपी घातली, काढली, परत घातली. त्याला पहिलाच खंड लागेल, ते म्हणाले, दुसऱ्यापासून सुरू केलं तर काही समजणार नाही. दामिनी म्हणाली, की मग उद्या आणून द्या, मी निरोप पाठवून त्यांच्या नावावर टाकते. इथे आणायचं नाही, अशी त्यांनी मान हलवली.

"आठे आनानी काय गरज शे? घर तं समोरच शे," ते म्हणाले. "तुम्ही रजिस्टर द्या. सही मी ली येस."

धाकट्याची सही आणायला ते रजिस्टर घेऊन जाणार होते, आणि रजिस्टर वाचनालयाबाहेर जाऊ द्यायचं नसतं. निळ्या पुस्तकात तिसऱ्याच पानावर ठळक अक्षरांत तसं छापलेलं आहे, आणि दामिनीने त्याखालीही रेघ ओढलेली होती. तिने रजिस्टर मिटलं आणि त्यांच्या हातात दिलं. ते काखेत धरून हेमकांतभाऊ रस्त्याला लागले. किल्ली टेबलावरच राहिली होती. ती दोघांपैकी कोणाच्याही लक्षात नव्हती.

आठ वाजता वाचनालय बंद करायचं असतं. मंगलाबाई बोलवायला आल्या तेव्हा साडेआठ होऊन गेले होते, आणि रजिस्टर परत आलेलं नव्हतं. येताना धीरजच्या ओट्यावर दोन खुर्च्या दिसल्या, असं त्या म्हणाल्या. उद्या सकाळी साहेब येणार, पहिल्यांदा रजिस्टरच मागणार. काय सांगायचं ते दामिनीने ठरवलं नव्हतं. तिने सासूला बसायला खुर्ची दिली, आणि दोघी वाट बघत बसल्या.